घरात कधीच न विचारलेला मतदार : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी नागरिकशास्त्र शिकवते. मतदानाचा धडा संपल्यावर मी एकदा आठवीच्या वर्गाला विचारले, की तुमच्या सांगण्यावरून घरातला ठरलेला निर्णय कधी बदलला आहे का. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला विचारतात, पण काय उत्तर द्यायचं ते आधीच सांगून ठेवतात." तिच्या वहीत गुप्त मतदानाचे महत्त्व सुवाच्य अक्षरांत उतरवलेले होते.

मत नेमके कोणापासून गुप्त ठेवायचे, हे त्या दिवशी मला नव्याने उमगले. युरोप परिषदेची घटनाविषयक सल्लागार संस्था असलेल्या व्हेनिस आयोगाने २००२ साली स्वीकारलेल्या निवडणूकविषयक संहितेत 'कौटुंबिक मतदाना'ला, म्हणजे घरातल्या एकाने दुसऱ्याच्या मतावर ताबा ठेवण्याला, मनाई केलेली आहे. केंद्रावर आडोसा उभारला की ही मनाई निदान दिसायला तरी पाळता येते; पण ज्याने लहानपणापासून थोरांच्या चेहऱ्याकडे पाहूनच हो किंवा नाही म्हटले, आणि जिथे आईचे वेगळे मत म्हणजे भांडणाला निमित्त अशा घरात जो वाढला, तो त्या आडोशाआडही एकटा नसतो.

घरातल्या प्रत्येक गोष्टीवर हात वर करून कौल घ्यावा, असे मी म्हणत नाही. औषध कोणते द्यायचे, कर्ज काढायचे की नाही, हे मोठ्यांनीच ठरवायचे असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे बारावे कलमही मुलाच्या वयाला आणि समजेला साजेसे वजन त्याच्या मताला द्या, एवढेच सांगते. ऐकून घेणे आणि ऐकणे यांत फरक आहे, आणि नकार देताना कारण सांगणे हा ऐकून घेण्याचाच भाग आहे. नकाराचे कारण ऐकण्याची सवय लागलेले मूलच पुढे सत्तेकडे कारण मागते.

कायद्याने घरात शिरावे, अशी माझी मागणी नाही. पण पालकसभा आपल्या खात्याच्या हातात आहे. तिथे आम्ही शिक्षक आणि पालक मुलाला शेजारी उभे करून त्याच्याविषयी त्याच्या डोक्यावरून बोलतो. मीही वर्षानुवर्षे हेच केले आहे. सभेतली पहिली पाच मिनिटे मुलाने बोलावे, मोठ्यांनी मध्ये बोलू नये आणि त्याच्या म्हणण्याला त्याच्यासमोरच उत्तर द्यावे, असे परिपत्रक आपण काढावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक शिक्षिका