दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गरम पाण्याच्या पिशवीने तुमचं पाऊल भाजलं, "पण दुखत नाही, म्हणजे विशेष काही नसेल," असं आई फोनवर म्हणाली, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. भाजल्यावर न दुखणं हेच कधीकधी वाईट लक्षण असतं.

भाजणं किती खोल गेलंय, हे डॉक्टर आधी बघतात. कातडी नुसती लाल होऊन हुळहुळली, फोड नाहीत, तर ती पहिली डिग्री; आठवडाभरात बरी होते. फोड आले, आतली जागा ओलसर गुलाबी, हात लावू देत नाही, ती दुसरी. ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत भरते. मात्र त्यातही खोल गेली असेल तर जास्त रेंगाळते आणि व्रण ठेवून जाते. तिसऱ्या डिग्रीत त्वचेचे सगळे थर जळतात, सोबत त्यातल्या नसाही. जागा पांढरट, तपकिरी किंवा काळपट होते, चामड्यासारखी कडक लागते आणि तिथे दुखत नाही. अशा जखमेवर बरेचदा दुसरीकडची त्वचा काढून लावावी लागते. चौथीत तर इजा स्नायू-हाडापर्यंत पोचते.

मधुमेहामुळे तुमच्या पावलांना आधीच कमी जाणवतं, बाबा. त्यामुळे दुखण्यावर विसंबूच नका. आई, तू उजेडात नीट बघ: रंग कसा आहे, फोड आहेत का? आज वरवरची वाटलेली जखम दोन-तीन दिवसांत खोल निघू शकते, म्हणून रोज बघ.

दुसरं माप म्हणजे किती अंग भाजलं. ज्याचा त्याचा तळहात, बोटांसकट, अंगाचा साधारण १ टक्का. मोठ्यांसाठी ९ चा हिशोब असतो: डोकं-मान ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धडाची पुढची बाजू १८, मागची १८, जांघेचा भाग १. नुसती लाल झालेली जागा यात धरत नाहीत.

तुमची जखम एक टक्काही नसेल. पण चेहरा, हात, पावलं, सांधे, जननेंद्रियं इथलं भाजणं लहान असलं तरी दाखवावंच लागतं. त्यात उतारवयात कातडी पातळ होते, जखम भरायला वेळ लागतो, आणि मधुमेहात ती चिघळते लवकर.

तेव्हा आजच दवाखान्यात जा. फोड फोडू नका, टूथपेस्ट किंवा तूप लावू नका, स्वच्छ कापड सैलसर गुंडाळा. पुन्हा कधी भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, बर्फ नको. आणि ती पिशवी आता बंद करा, बाबा.

डॉक्टर काय म्हणाले ते रात्री फोन करून सांगा.

तुमची लेक