घरच्या सर्व्हरला पत्ता कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मधे तुमच्या रविवारच्या पुरवणीत "फोटो, कागदपत्रं कंपन्यांच्या क्लाउडवर कशाला, घरीच स्वतःचा क्लाउड करा" असा एक लेख आला होता. लेख चांगला होता, कात्रण काढून ठेवलंय. पण लिहिणाऱ्याने एका घरापुरताच विचार केलाय असं वाटलं. माझ्याकडे असा सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहून बाकीच्यांना फाइली पुरवणारा कॉम्प्युटर, गेली तीन वर्षं चालू आहे, मुलाने टाकून दिलेला जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू (विंडोजसारखी, पण फुकटची सिस्टिम) आणि नेक्स्टक्लाउड (घरचा क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर). तो बसवायला मला दोन दिवस लागले. तो नागपूरच्या पुतण्याच्या सर्व्हरशी जोडायला चार महिने गेले. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, जमेल तेवढं छापा.

आधी कारण सांगतो. आमचे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या ११२ कॅसेट घरात होत्या, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. बुरशी लागायच्या आत त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं ठरलं, ते काम मी रिटायर झाल्यावर केलं. नव्वद मिनिटांची कॅसेट वेव्ह फाइलमधे उतरवली की साधारण ९५० एमबी होते, म्हणजे सगळं मिळून शंभर जीबीच्या वर. गुगलचं फुकटचं खातं १५ जीबीचं, त्यात मेल पण आली आणि फोटो पण. पैसे भरून जागा मिळते हे मलाही कळतं हो, पण वडिलांचा आवाज ठेवायला महिन्याचं भाडं भरायचं आणि एखाद्या महिन्यात कार्ड चाललं नाही की मेल येणार तुमची जागा भरली म्हणून, हे मनाला पटेना.

तिकडे नागपूरला पुतण्याने आधीच स्वतःचा सर्व्हर केला होता, त्याच्याकडे आजोबांच्या वह्या स्कॅन केलेल्या. त्याला कॅसेट हव्यात, मला वह्या हव्यात. तो म्हणाला, "काका, मी तुम्हाला माझ्याकडे खातं काढून देतो." मी म्हणालो मग तुला माझ्याकडे, ताईला दोन्हीकडे, म्हणजे घरात माणसं पाच आणि पासवर्ड पंधरा, ते नको. तेव्हा त्याने फेडरेशन म्हणजे काय ते सांगितलं.

प्रकार असा आहे. तुमचं खातं तुमच्याच सर्व्हरवर राहतं, माझं माझ्या. प्रत्येक खात्याला एक पत्ता असतो, नाव, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हरचं डोमेन म्हणजे नेटवरचं नाव. मी माझ्या फोल्डरवर शेअर दाबून पुतण्याचा तो पत्ता टाकायचा, माझा सर्व्हर त्याच्या सर्व्हरला कळवतो, त्याला सूचना जाते, त्याने स्वीकारलं की माझं फोल्डर त्याच्या फाइलींच्या यादीत दिसायला लागतं. पत्ता हुबेहूब ईमेलसारखा दिसतो आणि इथे घोळ होतो. ताईने त्या पत्त्यावर खरोखर मेल पाठवली, परत आली, मग फोन करून मला म्हणाली तुझं काहीतरी बंद पडलंय बघ.

फाइल मात्र जागची हलत नाही. ती माझ्याच डिस्कवर कराडला असते, पुतण्याने उघडली की त्याचा सर्व्हर माझ्या सर्व्हरकडून त्या क्षणी मागून घेतो. त्यामुळे शेअर केलं म्हणजे दोन ठिकाणी कॉपी झाली असं समजू नका, माझी डिस्क गेली तर त्याच्याकडचंही गेलंच. आम्ही ते उशिरा समजून घेतलं आणि मग वेगळी बॅकअपची डिस्क आणली. बदल करायची, डिलीट करायची, पुढे शेअर करायची परवानगी वेगवेगळी देता येते, मी कॅसेटच्या फोल्डरला फक्त वाचायची ठेवलीय. पुतण्यावर अविश्वास नाही, त्याच्या पाच वर्षांच्या पोरावर आहे.

हे काही काल निघालेलं नाही. फ्रँक कार्लिचेक या जर्मन माणसाने २०१० साली ओनक्लाउड सुरू केलं, २०१४ च्या सातव्या व्हर्जनमधे एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरला शेअर करायची सोय आली, २०१६ ला तो तिथून बाहेर पडला आणि नेक्स्टक्लाउड निघालं. मधल्या काळात, २०१५ पासून, युरोपातल्या संशोधन संस्थांच्या नेटवर्कने, जेआंट नाव त्याचं, ओपन क्लाउड मेश म्हणून एक सामाईक पद्धत ठरवायला घेतली, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतील. तिथल्या विद्यापीठांना जी अडचण होती तीच आमच्या घरात होती, की माझा डेटा माझ्याकडे राहू दे पण तुला दिसू दे.

आता अडचणी. पहिल्या दोन माझ्याच चुका होत्या. सर्व्हर खरा आहे हे दाखवणारं सर्टिफिकेट मी घरीच बनवलेलं वापरत होतो. ब्राउझर लाल पान दाखवायचा, मी खालचं बटण दाबून पुढे जायचो, सवय झाली होती. पण सर्व्हर जेव्हा सर्व्हरशी बोलतो तेव्हा तिथे बटण दाबायला माणूस बसलेला नसतो, तो सरळ नाही म्हणतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट घेतलं, ते ९० दिवसांचं असतं, आपोआप नवं होईल असं लावून ठेवायचं, विषय संपला. दुसरी चूक, सेटिंगमधे दोन्ही सर्व्हर एकमेकांचे विश्वासू म्हणून टाकले तरी नावापुढचा ठिपका हिरवाच होईना. असं केलं की दोन्हीकडच्या लोकांची नावं एकमेकांना दिसतात, पत्ता पाठ करावा लागत नाही, म्हणून ते हवं होतं. दोन दिवस नेटवर वाचत बसलो. शेवटी कळलं की हे काम मागच्या बाजूने दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रॅमवर, होतं आणि माझा क्रॉन कधी लावलेलाच नव्हता. लावला, चहा पिऊन आलो, ठिपका हिरवा.

तिसरी अडचण माझी चूक नाही, आणि ती छापावी म्हणूनच लिहितोय.

पुतण्याचा सर्व्हर मला दिसायचा, माझा त्याला दिसायचा नाही. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडलं, डोमेन बरोबर, सर्टिफिकेट बरोबर, तरी बाहेरून काही नाही. मी वीज मंडळात लाइनवर ३१ वर्षं काढली, फॉल्ट शोधायचा म्हणजे टोकापासून मागे मागे यायचं ही सवय. तसं येत येत राउटरच्या आतल्या पानावर आलो तर तिथे मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर लाइनची ओळख असलेला आकडा, १०० पासून सुरू होणारा, आणि नेटवर "माझा आयपी" बघितला तर भलताच. म्हणजे कंपनीने मला स्वतःचा पत्ता दिलेलाच नाही. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं कोंबलीत. याला सीजीनॅट म्हणतात. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते त्याच कामासाठी राखून ठेवलेत, तुमच्या राउटरवर वॅनपुढे, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या ओळीत, असा आकडा दिसला तर समजून जा. चाळीत मेन गेटवर एकच पाटी आणि आत चाळीस बिऱ्हाडं, पोस्टमन आला तर कुणाचं पत्र कुठे टाकणार? बाहेर जाणाऱ्याला काही त्रास नाही, म्हणून सिनेमे दिसतात, व्हॉट्सॲप चालतं, कुणाची तक्रार नाही. बाहेरून तुमच्याकडे कुणी यायचं म्हटलं की दार बंद.

कंपन्यांची बाजू मला समजते. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सव्वाचारशे कोटींच्या आसपास, आशियाच्या वाट्याचे तर २०११ च्या एप्रिलमधेच जवळजवळ संपले. मग एकाच पत्त्यावर अनेकांना बसवणार, दुसरं काय करणार. पण मी कस्टमर केअरला फोन केला तेव्हा तिकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमचं नेट चालू आहे ना?" चालू आहे. "मग प्रॉब्लेम काय आहे?" तीन फोन, दोन तक्रार नंबर, एकदा घरी आलेला पोरगा राउटर रीसेट करून गेला आणि माझे उघडलेले पोर्टही पुसून गेला. चौथ्या वेळी एकाने सांगितलं की स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, वेगळे पैसे भरून मिळतो, पण तुमच्या प्लॅनवर नाही, वरचा प्लॅन घ्या. ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली असती तर?

आता आयपीव्ही६ आहे, नव्या पद्धतीचे पत्ते, मुबलक, आणि भारत त्याच्या वापरात जगात पुढच्या देशांत आहे. मला ते मिळालंही होतं. पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते आणि ती उघडायची सोय कंपनीने दिलेल्या राउटरमधे झाकून ठेवलेली. शिवाय पुतण्याच्या बाजूला आयपीव्ही६ नाहीच, तेव्हा एका हाताने टाळी.

शेवटी असं केलं की बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, त्याला सार्वजनिक पत्ता आहे, आणि घरच्या मशीनपासून तिथपर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा बोगदा, म्हणजे नेटमधूनच जाणारी खासगी वाट, टाकला. कुणीही आलं की तिथे येतं आणि बोगद्यातून माझ्या घरी. यात सेटिंगच्या फाइलमधे दोन गोष्टी सांगाव्या लागतात, एक म्हणजे पुढे बसलेला प्रॉक्सी (मधला निरोप्या सर्व्हर) आपलाच आहे आणि दुसरी म्हणजे आपला पत्ता एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीचा) आहे, नाहीतर सर्व्हर स्वतःचा पत्ता चुकीचा सांगत बसतो. कुणी दोन्ही घरं थेट खासगी व्हीपीएनमधे, म्हणजे त्यांच्यापुरत्या बंदिस्त नेटवर्कमधे, घेणार असेल तर अजून एक, नेक्स्टक्लाउड खासगी पत्त्यावरच्या सर्व्हरला मुद्दाम जोडू देत नाही, सुरक्षेसाठी, ते एका ओळीने उघडावं लागतं. म्हणजे बघा, कंपनीचा क्लाउड नको, भाडं नको म्हणून घरी सर्व्हर केला आणि परत भाडं भरतोच आहे, फक्त जागेऐवजी पत्त्याचं. बायको अधूनमधून आठवण करून देते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ब्रॉडबँडच्या जाहिरातीत किती एमबीपीएस, कुठले ओटीटी फुकट हे मोठ्या अक्षरात असतं, तसं या लाइनला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आहे की नाही, आयपीव्ही६ आहे की नाही आणि स्टॅटिक आयपीचे महिन्याला किती, या तीन ओळी प्लॅनवर लिहायची सक्ती ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, करावी. फुकट द्या असं म्हणत नाही. मीटरवर सिंगल फेज की थ्री फेज हे लिहिलेलं असतं की नाही? गिऱ्हाइकाला कळतं काय लावता येईल काय नाही. तुमच्या पेपरने हा विषय एकदा मोठा करून छापावा, घरच्या क्लाउडचे लेख छापता तसाच.

हे पत्र निम्मं टाइप झालं असताना आमच्याकडे लाइट गेली. दहाव्या मिनिटाला पुतण्याचा मेसेज, "काका, आजोबांचं फोल्डर दिसत नाहीये, तुमच्या मंडळाला फोन करा." केलाय. अजून आली नाही.

आपला,
एक जुना वाचक, कराड