टीम चालवायची म्हणजे काय करायचं असतं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, 'मॉडची टीम चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं?' हे तुम्ही विचारलंत. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

मॉड म्हणजे कंपनीच्या गेममध्ये खेळणाऱ्यांनीच घातलेली भर: नवा नकाशा, नवी पात्रं, कधी अख्खं नवं कथानक. बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार तो विकता येत नाही. आई, म्हणजे पगार कोणालाच नाही आणि पगार नाही म्हणून हुकूमही चालत नाही. टीमचं सगळं गणित इथूनच सुरू होतं.

'कल्पना भन्नाट आहे, कोडर आणि आर्टिस्ट हवेत' एवढ्यावर माणसं येत नाहीत, आली तर टिकत नाहीत. आधी एकट्याने पाच मिनिटं खेळता येईल असा तुकडा उभा करायचा. एक खोली, एक उघडणारं दार, दहा वाक्यं बोलणारं एक पात्र. ओबडधोबड असलं तरी चालतं. गेमची साधनं काय करू देतात आणि कुठे अडतात, ते त्यातच कळतं. अटीही तेव्हाच वाचायच्या. दुसऱ्या गेममधलं मॉडेल (वस्तूचा किंवा पात्राचा त्रिमितीय आकार) किंवा संगीत उचललं, तर तो गेम त्याच कंपनीचा असला तरी मॉड उतरवायची वेळ येऊ शकते.

पुढे चार-पाच जण पुरतात: नकाशा, मॉडेल-टेक्स्चर (टेक्स्चर म्हणजे मॉडेलवर चढवायचं रंगाचं चित्र), स्क्रिप्ट (गेममध्ये काय कधी घडावं ते सांगणारा कोड), लेखन. उरलेलं सगळं टीम चालवणाऱ्याच्या गळ्यात. लेखक ढिगाने मिळतात, ॲनिमेशनवाले दुर्मीळ. म्हणून कथाच अशी बेतायची की नव्या हालचाली कमी लागतील. नव्या माणसाला दोन-तीन तासांचं काम द्यावं, एखादं पिंप वगैरे. ते किती सुबक झालं यापेक्षा वेळेवर आलं का आणि दुरुस्ती सांगितल्यावर स्वारी फुरंगटली का, हे मी जास्त बघतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी लेखी हवी: कोणी टीम सोडली तरी त्याचं दिलेलं काम मॉडमध्ये राहील आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव राहील. नाहीतर जाणारा 'माझं सगळं काढा' म्हणतो आणि अर्धा मॉड त्याच्याबरोबर जातो.

खरी डोकेदुखी फाइलींची. स्कायरिमसारख्या गेमची प्लगिन फाइल, म्हणजे मॉडचे बदल जिच्यात साठतात ती, साध्या मजकुराची नसते. दोघांनी तीच फाइल बदलली तर ते बदल आपोआप एकत्र होत नाहीत. नंतरची फाइल आधीची पुसून टाकते. म्हणून प्रत्येकाचं प्लगिन वेगळं ठेवायचं आणि दर आठवड्याला एकानेच ती जोडायची. टीमच्या फाइली ठेवायची साइट गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, तेव्हा जड टेक्स्चरसाठी गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या साठवायची सोय) आधीच लावून ठेवायचं.

मग येतं जांभळं भूत. मॉडेलच्या फाइलीत टेक्स्चरचा पत्ता लिहिलेला असतो; त्या पत्त्यावर टेक्स्चर सापडलं नाही की गेम ती जागा जांभळी दाखवतो. आर्टिस्टच्या स्वतःच्या संगणकावरचा पूर्ण पत्ता त्यात राहून गेला, तर त्याच्याकडे सगळं झकास दिसतं आणि बाकी सगळ्यांकडे भिंत जांभळी. म्हणून तपासणी नेहमी कोऱ्या इन्स्टॉलवर, ज्याने ते बनवलं नाही त्याच्याकडून. शिवाय नव्या सेव्हवरून (सेव्ह म्हणजे खेळ कुठवर आला त्याची साठवलेली नोंद). जुन्या सेव्हमध्ये जुन्या स्क्रिप्टची स्थिती साठलेली असते, त्यामुळे बग गेला की नाही ते कळतच नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी, संवाद पक्के झाल्यावर.

एवढं करूनही कंपनीचा पॅच, म्हणजे मूळ गेममधला बदल, येतोच. २५ एप्रिल २०२४ ला फॉलआऊट ४ चा मोठा अपडेट आला, त्यापायी 'फॉलआऊट: लंडन' या मॉडचं प्रकाशन लांबलं आणि तो जुलैमध्ये आला. म्हणून गेमची जुनी आवृत्ती जपून ठेवायची आणि तारीख उगाच जाहीर करायची नाही.

'यातून पुढे काय?' हे बाबा विचारणारच. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफचा मॉड म्हणूनच आला. पुढच्याच वर्षी हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आणला. अशी उदाहरणं मोजकीच. पण काम दाखवायची वेळ आली की अर्धवट राहिलेल्या अवाढव्य मॉडपेक्षा पुरा झालेला छोटा मॉड कधीही बरा, म्हणून सध्या आमच्या यादीतून दोन गावं आणि घोडेस्वारी कापली आहे. लेखक नाराज आहेत.

तुमचा,
लेक