लाज, सत्ता आणि मॉस्कोचा नदीकाठ

संपादक महोदय,

रशियातील निसर्गवादी, म्हणजे विवस्त्र वावरणाऱ्या लोकांच्या जीवनावरचा एक माहितीपट नुकताच पाहिला. मॉस्कोच्या पश्चिमेकडील सेरेब्रियानी बोरच्या नदीकाठी एक आजोबा डोक्यावर फक्त टोपी ठेवून मीठ लावलेली काकडी खात निवांत बुद्धिबळ खेळत होते. ते दृश्य मनात घर करून राहिले. त्यात अश्लील काय होते?

खटकले ते वेगळेच. रशियातले हे विवस्त्र वावरणे म्हणजे पाश्चात्त्यांची अलीकडची नक्कल असल्याचा सूर निवेदनात होता. तो साफ चुकीचा आहे. 1920च्या दशकाच्या मध्यात मॉस्कोत ‘लाज झुगारून द्या’ म्हणणारी चळवळ होती. अंगावर घोषणेचा पट्टा, बाकी काही नाही, अशी माणसे रस्त्यांवर, ट्राममध्ये वावरत. आरोग्य कमिसार (म्हणजे सोव्हिएत राजवटीतील आरोग्यमंत्री) निकोलाय सेमाश्को यांनी 1925मध्ये त्यांचा जाहीर निषेध केला. क्रांती करणाऱ्या राजवटीलाही उघडे शरीर सोसले नाही, हा केवढा मोठा विषय! माहितीपटात त्याचा उल्लेखही नाही.

शिवाय दूर पहुडलेल्या लोकांवर कॅमेरा सतत रोखलेला. त्यांची परवानगी घेतली होती का? कपडे उतरवले म्हणजे खासगीपण सोडले असे होत नाही. निर्मात्यांनी याचा खुलासा करावा.

– एक वाचक, डोंबिवली