ओपीडीच्या दारावरच्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, तिथं सगळे मावशी म्हणायचे म्हणून आम्हीपण मावशीच म्हणालो. युरोलॉजीच्या, म्हणजे लघवीच्या आजारांच्या विभागातल्या बाकड्यावर पहिल्या दिवशी रडकुंडीला आलेले आम्ही बापलेक, आण्णा आणि मी, आठवतोय का बघा.

आमच्याकडं जिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या सगळं फुकट झालंय, पण प्रोस्टेटचं म्हणल्यावर त्यांनी मेडिकल कॉलेजला जा म्हणून चिठ्ठी दिली, आणि मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं पडतात वैद्यकीय शिक्षण खात्यात, तिथं तो फुकटचा नियम नाही हे खिडकीवर गेल्यावर कळलं. पैशाचं सोडा, थोडेच लागले. जातो तो दिवस! रात्रीची एसटी पकडून सकाळी सहाला लाइनीत उभं राहिलो आणि नऊला कळलं की आज या युनिटची ओपीडीच नाही, आज त्यांचा ऑपरेशनचा वार. हे कुठंतरी लिहिलेलं असावं की नाही? तुम्ही केसपेपरच्या मागं पेनानं दोन वार लिहून दिले. तेवढ्यावर आमच्या पुढच्या सगळ्या खेपा नीट झाल्या.

सोनोग्राफीचं तर काय सांगू. लघवी भरलेली पाहिजे म्हणून आण्णांनी आल्याआल्या लिटरभर पाणी प्यायलं, नंबर होता कितीतरी मागं, आणि प्रोस्टेटवाल्या माणसाला तेवढा वेळ धरवतंय होय? दोनदा जाऊन आले, दोनदा नंबर गेला. वर बाथरूम पार दुसऱ्या टोकाला. तुम्ही स्वतःची बाटली आणून दिली आणि म्हणालात, "आत्ता पाजू नका, पुढं दहा-बारा राहिले की सुरू करा." एवढी साधी गोष्ट, पण खिडकीवरच्या कुणालाच सांगावी वाटली नाही.

आत सरांबरोबर सात-आठ शिकणारी पोरंपोरी उभी होती. शिकायला पाहिजे हे मान्य, उद्याचे डॉक्टर तेच, पण पासष्टीच्या माणसाला मागून तपासताना आधी विचारावं, निदान पडदा तरी ओढावा. तो तुम्ही ओढलात. आण्णा घरी आल्यावर फक्त त्या पडद्याबद्दल बोलले, बाकी काही नाही.

डॉक्टरांवर राग नाही हं. आम्हाला बघणारा रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिकत शिकत ड्युटी करणारा डॉक्टर, आदल्या दिवशी सकाळपासून ड्युटीवर होता, बोलताबोलता डोळे मिटत होते, तरी गोळ्या दोनदा समजावून सांगितल्या त्यानं. 1992 सालच्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये म्हणे सहसा सलग 12 तासांवर ड्युटी नको असं लिहिलंय. लिहिलंय खरं.

गेल्या गुरुवारी फॉलोअपला आलो तर दारावर नवीन पोरगा. तो म्हणाला कंत्राट बदललं, जुनी माणसं गेली. कुठं गेली ते त्याला माहीत नाही, ऑफिसात विचारलं तर तिथंपण नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय, कुणी ओळखत असेल तर मावशींना वाचून दाखवा.

आण्णा बरे आहेत, रात्री आता एकदाच उठतात. आणि तुमची ती निळी बाटली घाईत आमच्याच पिशवीत आली, ती धुवून ठेवलीय.