सव्वा मूठ गहू

श्टुटगार्ट
१२ जानेवारी २०२५

ती. नाना आणि आई यांना,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे. आजीला सांगा, बठ्ठं बरं शे. थंडी आहे, पण घरात हीटर असतो. पहाटे उठून केळीच्या बागेत धूर करणाऱ्या नानांना माझ्यापेक्षा जास्त गारठा लागत असेल. आणि कानटोपी मी रोज घालतो. फोटोपुरती काढली होती.

नाताळात मी एकटा बसून होतो, हे ताईने कुठून काढलं? घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं होतं. २४ तारखेला दुपारी दोनला दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि एवढ्या मोठ्या सणाला पानात काय, तर बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज! मला वाटलं, बाईंना बरं नसेल. तर तसं नाही, इथे कितीतरी घरांत त्या रात्री हेच असतं. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, कांदा, मोहरीची पेस्ट, व्हिनेगर, तेल, वरून गरम पाणी. या भागात ते पाणी मांसाचं असतं, पण बाईंनी माझ्यासाठी भाज्यांचं घातलं. सॉसेजला हात लावला नाही. तेव्हा नाना, तो विषय संपला. पूर्वी त्या दिवसापर्यंत उपास असायचा म्हणून जेवण साधं. उपास कधीच सुटला, बटाटे राहिले. आपल्या आजीला हे पटेल, तिच्याही उपासाला बटाटाच.

बाई एरवी चर्चला जात नाहीत. मुलगा तर म्हणतो, सगळा बाजार आहे. झाडाला टांगायला त्यांच्या आईने केलेला गवताच्या काड्यांचा एक तारा आहे, त्याची तीन टोकं मोडलेली. मुलगा म्हणाला, नवा दोन युरोला मिळतो. बाई काही बोलल्या नाहीत. मोडकी बाजू भिंतीकडे करून तारा टांगला आणि चष्मा पुसत बसल्या. आणि ६ जानेवारी उलटल्यावर तेच झाड त्यांनी स्वतः ओढत फुटपाथवर नेऊन टाकलं! गाडी येऊन घेऊन जाते म्हणे. तारा मात्र कापसात, डब्यात. मला आधी विचित्र वाटलं, मग आठवलं की नारळ मांडून पुजलेल्या कानबाईला आपणही दुसऱ्या दिवशी नदीवर नेतोच.

आई, नारळाला नथ घालून काय मिळतं, असं मी म्हणालो होतो ना? त्या मुलाचा आवाज अगदी तसाच होता. ताई सांगत होती, श्रावणात कानबाईच्या प्रसादाच्या रोटांना तू माझ्या नावाचे सव्वा मूठ गहू काढलेस. मूठ तुझी की माझ्या मापाची?

आता कामाचं. पाचशे युरो पाठवलेत. आधी बँकेचा हप्ता भरा, उरलेल्यात ठिबकच्या नळ्या. छकुलीच्या साखरपुड्याला येणं जमत नाही, सुट्टी लग्नासाठी राखून ठेवलीय. ती रागावली असेल, पण फोनवर हसत होती, तेच जास्त लागलं. एप्रिलमध्ये नक्की येतो. तिकीट काढलं की कळवतो. शिरपूरच्या स्थळाला मी नाही म्हणत नाही, पण मुलीला इकडे यायचंय का, हे मामांनी विचारलंय का? दुपारी साडेचारला अंधार पडतो, तेही सांगायला सांगा.

तुमचा,
बंडू

ता. क. शेतावर भरिताचा बेत झाला असेल. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, सगळं. झाला असेल तर फोटो पाठवू नका.