सात नंबरच्या टेबलावरच्या काकांना

आदरणीय काका,

४ जून २०२४ ला लोकसभेच्या मतमोजणीत आपण सात नंबरच्या टेबलासमोर, जाळीच्या अलीकडे, शेजारीशेजारी बसलो होतो. तुम्ही जिंकलेल्या उमेदवाराचे प्रतिनिधी, मी हरलेल्याची. तुमच्या बिल्ल्यावरचं नाव मला आठवतंय, पण इथे लिहीत नाही. तुमच्या सगळ्याच माणसांना ही गोष्ट रुचेल असं नाही. आभार खरं तर त्याच दिवशी मानायचे होते, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता.

सकाळी मी खुर्ची तुमच्यापासून जरा लांब ओढून घेतली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. प्रचारात दोन्हीकडून जे काही बोललं गेलं होतं, ते डोक्यातून जात नव्हतं. मोबाइल बाहेर जमा केलेला, हातात पेन आणि रकाने आखलेली वही. आठला टपाली मतांपासून सुरुवात झाली, मग अर्ध्या तासाने यंत्रं टेबलावर आली आणि तीन-चार फेऱ्यांतच वारं कुठे वाहतंय ते कळलं. आमचे काही जण उठून गेले. मी बसून राहिले, पण नुसती बसले होते. आकडे कानावर पडायचे आणि हात ते उतरवायचा.

अकराव्या फेरीत पर्यवेक्षकांनी कंट्रोल युनिट आपल्याकडे वळवून धरलं आणि रिझल्टचं बटण दाबलं. आमच्या उमेदवाराच्या क्रमांकासमोर २३१ आलं. ते बिचारे पहाटेपासून बसलेले, तोंडून निघालं ‘दोनशे तेरा’. सहायकाने तेच लिहिलं. मीही तेच लिहिलं.

तुम्ही उभे राहिलात आणि जाळीला बोट टेकवून म्हणालात, “साहेब, दोनशे एकतीस आहे ते. परत दाखवा.” मग माझ्याकडे वळलात. “ताई, तुमची मतं आहेत. बघा ना!”

त्यांनी परत बटण दाबलं. २३१. त्यांनी कागदावर दुरुस्ती केली, मी वहीत.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर भरलेल्या १७-सी या फॉर्ममध्ये त्या केंद्रावरच्या एकूण मतांचा आकडा असतोच. त्याच्याशी बेरीज जुळली नसती आणि ही चूक थोड्या वेळाने सापडलीच असती, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक होतं. तरी तुम्ही तोवर थांबला नाहीत. तुमचा माणूस हजारोंनी पुढे होता, गप्प बसला असतात तरी तुम्हाला कोणी काही म्हटलं नसतं.

अठरा मतं. १९८९ ला अनकापल्लीत आणि १९९८ ला राजमहलमध्ये लोकसभेचा निकाल ९ मतांवर लागला होता. आपण तिथे बसलो होतो त्याच दिवशी मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. आमचं तसं नव्हतं. आम्ही चांगल्या मोठ्या फरकाने पडलो, त्या अठरांनी काहीच बदलणार नव्हतं. पण ते केंद्र माझ्या ओळखीचं होतं, त्या गल्ल्यांतून मी उन्हातान्हात फिरले होते. एका आजींनी माझा हात धरून ठेवला होता आणि “येते गं मी मत द्यायला, रिक्षा नको, चालत येते,” असं सांगितलं होतं. त्यांनी कुणाला मत दिलं ते मला कधीच कळणार नाही, कळूही नये. पण त्या अठरांत त्या असल्या तर? मी माझ्या दुःखात त्यांच्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं. त्यांच्याकडे तुम्ही बघितलंत.

त्यानंतर मी शेवटपर्यंत पडद्यावरून नजर हलवली नाही. निकाल उघड झाला होता, तरी पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून छापून पडतात त्या, मोजून होईपर्यंत थांबा, असंही तुम्हीच म्हणालात. थांबले. चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधताना बघितले, आकडे जुळताना बघितले.

घरी आले तर सगळ्यांचं एकच पालुपद, मशीनचाच खेळ आहे. तिथे बसले नसते तर मीही त्यांच्यात सूर मिसळला असता. इतर टेबलांवर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, त्याबद्दल बोलणार नाही. पण सात नंबरच्या टेबलापुरतं मी छातीठोकपणे सांगते की आम्हाला पडलेलं एकेक मत मोजलं गेलं, आणि आम्ही हरलो. काहींना ते आवडत नाही. माझा उमेदवार जास्त चांगला होता, असं मला आजही वाटतं, आणि त्या रात्री मी खूप रडले. पण कुणीतरी हिसकावून नेलं म्हणून नाही रडले. लोकांनी आम्हाला नाही म्हटलं, याचं ते रडू होतं. तेवढं मला झेपलं, काका. दुसरं झेपलं नसतं. मग पुढची पाच वर्षं मी प्रत्येक शेजाऱ्याकडे संशयाने बघत बसले असते.

संध्याकाळी फाटकाबाहेर तुमच्या लोकांचा गुलाल उधळून झाला होता. मी मान खाली घालून कडेने निघाले होते. तुम्ही गर्दीतून बाहेर आलात, रुमालाने हात पुसलात आणि मगच पुढे केलात. बोटांच्या पेरांत गुलाल तरीही राहिला होता, तो माझ्या हाताला लागला. मी नुसती मान हलवली आणि निघून गेले.

तेव्हा राहून गेलं ते आज लिहिते आहे. मनापासून आभार.

तुमच्या शेजारच्या खुर्चीवरची
ताई